कडीचा दगड

हे खरं आहे. माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटी जे झालं ते तर माझ्या डोळ्यांसमोर.

बंदराचं नाव तेवढं सांगणार नाही. तिथलं संग्रहालय चालू आहे, शाळांच्या सहली जातात. उगाच कुणाला त्रास नको.

वार मात्र पक्का सांगते. गुरुवार. मार्गशीर्षातला. वेळ भर दुपारची.

हो, दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं.

माझी वहिनी विजयश्री मूळची लातूरकडची. चित्रकला शिकलेली. लग्न करून रहाटणीत आमच्या घरात आली. माझा भाऊ, प्रज्वलदादा, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, आणि त्याची शिफ्ट सारखी बदलणारी. पाच वर्षांची लेक, ओवी. ओवी माझ्याकडे थांबायची, म्हणून वहिनीला नोकरी करता आली.

नोकरी तळवड्यात. आयटी पार्कच्या मागे रणजीतदादांची पत्र्याची शेड आहे. तिथे फायबरचे पुतळे बनतात. हॉटेलच्या दारातली बैलजोडी, बागेतले हत्ती, मंडळांचे देखावे. रणजीतदादा तिथलेच जुने शेतकरी. स्वतःच्याच रानात शेड टाकलेली, शेजारी घर. घराच्या ओट्यावर त्यांच्या आई, छबूबाई, दिवसभर बसलेल्या असायच्या.

साचे रोहिदास काढायचा. रंगकाम वहिनीचं. त्यातही डोळे तर तीच रंगवायची. डोळे नीट बसले नाहीत तर पुतळा मेलेला दिसतो, असं ती म्हणायची.

त्या हिवाळ्यात मोठी ऑर्डर आली.

कोकणातलं एक फार जुनं बंदर. त्याच्या इतिहासाचं संग्रहालय. पुण्याचे शेखर सर ते सगळं उभं करत होते. माणूस मोठा गोड. बोलायला लागले की हातातला चहा गार व्हायचा.

"ताई, डोळ्यासमोर आणा," ते वहिनीला सांगत. "अरबस्तानातून घोडे उतरतायत. चीनचं रेशीम आलंय. पोर्तुगीज पाद्री आणि गुजराती सावकार एकाच झाडाच्या सावलीत बसलेत. देऊळ, मशीद, चर्च, ज्यूंचं प्रार्थनाघर, सगळं हाकेच्या अंतरावर. कोळणी अरबांशी त्यांच्या भाषेत भाव करतायत! पूर्व आणि पश्चिम एकाच धक्क्यावर उतरली. हे लोकांना दिसलं पाहिजे."

देखाव्याचं नाव होतं 'बंदरावरची सकाळ'. अरब घोडेवाला, पोर्तुगीज अंमलदार, सावकार, तेल गाळणारा ज्यू, हबशी खलाशी, कोळीण. आणि व्यापाऱ्याच्या घरची एक बाई.

चेहरे खऱ्या माणसांचे हवेत, असा सरांचा हट्ट. म्हणून ओळखीच्यांना बोलावून त्यांच्या चेहऱ्यांचे साचे घेतले. पोर्तुगीज अंमलदार तर खुद्द रणजीतदादाच झाले. सगळी शेड हसत होती तेव्हा.

मग दगड आला.

टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून. धक्क्याजवळ साफसफाई करताना मातीतून निघालेला. काळा, चौकोनी, गुडघ्याएवढ्या उंचीचा. त्यात लोखंडाची एक कडी बसवलेली.

"बोटी बांधायचा दगड," सर म्हणाले. "हा देखाव्यात मधोमध ठेवायचा."

रोहिदासने तो शेडच्या मधल्या जागेत ठेवला. पुतळे भोवती उभे केले.

दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये वेगळाच वास यायला लागला...

शेडमध्ये कायम रेझिनचा वास असतो. नाकात झोंबणारा. पण हा वास त्याच्यावर चढला होता. खारा. ओल्या दोराचा, सुक्या मासळीचा.

आणि दगडाभोवतीची फरशी ओली.

रोहिदासने पुसली. दुपारी पुन्हा ओली. वर पत्रा कोरडा. जवळ नळ नाही.

वाळल्यावर फरशीवर पांढरा थर राहिला. रोहिदासने बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकला.

"मीठ हाय हे, ताई."

वहिनीने दुर्लक्ष केलं. समुद्रातला दगड आहे, ओल धरणारच, असं म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने पुतळ्यांचे डोळे रंगवायला घेतले. सरांनी सांगितलं होतं, सगळ्यांची नजर लांब, समुद्राकडे. येणाऱ्या जहाजाची वाट बघताहेत असं वाटलं पाहिजे. तिने तसंच रंगवलं. अरब, अंमलदार, सावकार... सगळे लांब बघणारे.

जेवायला ओट्यावर गेली. परत आली.

पुतळे जागच्या जागी होते.

पण बुबुळं हलली होती.

सगळ्यांची.

सगळे जण खाली, एकाच जागी बघत होते... दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे.

तिला वाटलं, रोहिदासने चेष्टा केली. पण रोहिदास तिच्यासोबतच जेवत होता. शेडला दुसरं दार नाही. तिने रंगाला बोट लावलं. बोटाला काही आलं नाही. जणू तो रंग फार पूर्वीच वाळला होता.

तिने ते खरवडून पुन्हा रंगवलं.

संध्याकाळी निघताना मागे वळून बघितलं...

पुन्हा तिकडेच.

आणि त्या नजरा कशा होत्या, हे सांगताना वहिनीचा आवाज आजही खाली जातो. "प्राजक्ता, गाय विकत घेताना माणूस बघतो ना, तसे बघत होते गं."

सर आले तेव्हा ते उलट खूश झाले. "वा! काय नजर पकडलीय! राहू द्या अशीच."

म्हणून ती तशीच राहिली.

आता त्या गुरुवारचं.

गुरुवारी एमआयडीसीत वीज बंद असते. एरवी दिवसभर कुठे ना कुठे यंत्रं धडधडत असतात. गुरुवारी सगळं गप्प. इतकं गप्प, की पत्रा उन्हाने तापून कडकडतो तेही ऐकू येतं.

व्यापाऱ्याच्या घरच्या बाईचा चेहरा तेवढा राहिला होता. जिला बोलावलं होतं ती आलीच नाही. माल पाठवायची तारीख जवळ आलेली. रणजीतदादा अस्वस्थ.

वहिनी म्हणाली, "माझाच घ्या की."

तिचा उपवास होता. सकाळपासून पोटात साबुदाण्याशिवाय काही नव्हतं. तरी बसली.

चेहऱ्याचा साचा कसा घेतात ते सांगते. डोळे मिटायचे. ओठ मिटायचे. दातांचं माप घ्यायला डॉक्टर जी गुलाबी पावडर वापरतात, ती पाण्यात कालवून चेहऱ्यावर जाड थापतात. वर प्लास्टरच्या पट्ट्या. फक्त नाकपुड्या मोकळ्या. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. काही दिसत नाही. ऐकूही दबकंच येतं.

"घाबरलात तर हात वर करा, ताई," रोहिदास म्हणाला. त्याने शेवटची पट्टी लावली. मग त्याचा फोन वाजला. "हितंच दारात हाय," असं म्हणून तो बोलत बोलत दाराकडे गेला.

वहिनी खुर्चीत. मान मागे टेकलेली. अंधार.

आधी फक्त स्वतःचा श्वास.

मग... पाण्याचा आवाज.

लाकडावर पाणी आपटावं तसा. चुबुक... चुबुक...

मग माणसं. लांबून जवळ येणारी. खूप माणसं. वेगवेगळ्या भाषा, एकीतलाही शब्द कळेना. कुणी हसत होतं. कुणी ओरडून काहीतरी पुकारत होतं आणि दुसरा त्याच्यावर ओरडत होता.

तिला वाटलं, सरांनी रेकॉर्डिंग लावलं असेल. देखाव्यासाठी बंदराचे आवाज करून घेणार होते ते.

मग आठवलं. आज वीज नाही. सरही नाहीत.

लोखंड वाजलं. फरशीवरून काहीतरी जड ओढत आणलं. तिच्या खुर्चीपाशी थांबलं.

गर्दी गप्प झाली.

आणि कुणीतरी तिची हनुवटी धरली.

प्लास्टरच्या वरून नाही... आतून. थेट कातडीला. खडबडीत, जाड बोटं. त्यांनी तिचा चेहरा डावीकडे वळवला. उजवीकडे वळवला. मान तर जागची हलत नव्हती, पण तिला वळल्याचं कळत होतं.

मग एक अंगठा ओठांत शिरला.

ओठ वर केले. दातांवरून फिरला. एकेक दात दाबून बघितला.

वहिनीला ओरडायचं होतं. हात वर करायचा होता. हात उचलेना. मनगटाला काहीतरी गार, घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक लेकरू रडलं.

लहान. ओवीएवढंच असेल. ते रडणं लांब जायला लागलं. पाण्याच्या दिशेने. लांब... आणखी लांब...

वहिनी म्हणते, त्या क्षणी मला भीती राहिलीच नाही. नुसती ओढ लागली. माझ्या हातातून कुणी माझं लेकरू ओढून नेलं, असं.

आणि तिच्या अगदी जवळ, तिच्याच गळ्यातून यावी तशी, एका बाईची किंकाळी फुटली.

खुर्ची थरथरताना बघून रोहिदास धावत आला. त्याने साचा ओढून काढला.

"काय झालं, ताई? हात का नाही केला?"

"कोण ओरडलं?"

"कोणीच नाही. मी दारातच व्हतो की."

शेड रिकामी होती. बाहेर ऊन. लांब रस्त्यावर कंपनीची बस गेली.

वहिनीच्या दोन्ही मनगटांवर लाल वळ होते.

रोहिदासने साचा उलटा करून आत बघितलं आणि खाली ठेवला. नेहमीच्या सवयीने त्यात प्लास्टर ओतलं, आणि ते घट्ट झाल्यावर वरची खपली काढली.

चेहरा बाहेर आला.

वहिनी पूर्ण वेळ ओठ मिटून बसली होती. रोहिदासने स्वतः मिटलेल्या ओठांवर थर दिला होता.

पण या चेहऱ्याचं तोंड उघडं होतं. आ वासलेलं. दात दिसत होते. पुढचा एक तुटलेला.

गालाची हाडं वर आलेली. कपाळावर जुनी खूण. कानाच्या पाळ्या फाटलेल्या.

तो चेहरा वहिनीचा नव्हता.

आमच्या शेडमधली धावपळ ऐकून छबूबाई आल्या होत्या. त्या बराच वेळ तो चेहरा बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि आपल्या पदराने त्याचं कपाळ झाकलं.

"कुनाची लेक हाय ही?"

"माहीत नाही, आजी."

"तहानलेली दिसतीया."

त्यांनी पितळेच्या वाटीत पाणी आणून चेहऱ्यापाशी ठेवलं. संध्याकाळी वाटीत पाणी नव्हतं. तळाला मिठाचे खडे होते.

वहिनीने शेखर सरांना फोन लावला.

"सर, तो दगड बोटी बांधायचा नाही ना?"

सर हळू आवाजात म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"तुम्ही सांगा."

"ताई, ज्या धक्क्यावर घोडे उतरायचे, तिथेच अशा कडीला बांधून माणसंही विकली जायची. आफ्रिकेतून आणलेली, आपल्याकडची पळवलेली, दुष्काळात घेतलेली. पुष्कळ बंदरांवर चालायचं ते. आई एका जहाजात, लेकरू दुसऱ्या."

"मग देखाव्यात ते का नाही?"

"होतं. पहिल्या आराखड्यात होतं. संग्रहालयाची समिती म्हणाली, लोक मुलाबाळांना घेऊन येणार, असलं काही नको. काढून टाकलं."

"आणि दगड?"

"दगड छान दिसतो म्हणून ठेवला."

रणजीतदादा वैतागले. "ताई, माल द्यायचाय राव. जुन्या कोळणीचा साचा वापरा, दागिने घाला, झाली व्यापाऱ्याची बायको. हे फोडून टाक रे, रोहिदास."

रोहिदासने हातोडा उचलला. उचलला तसाच धरून उभा राहिला. मग हातोडा खाली ठेवून बाहेर गेला आणि उन्हात उकिडवा बसला. जबडा दुखतोय म्हणाला. तीन-चार दिवस त्याला भाकरी चावता येत नव्हती.

वहिनीने तो चेहरा फोडू दिला नाही.

घरी आम्ही सगळ्यांनी सांगितलं, ते काम सोड. प्रज्वलदादाने तर हात जोडले. तिने ऐकलं नाही. "तिला उभी करते, मग सोडते," एवढंच म्हणाली.

ऑर्डरचं काम उरकून, उरलेल्या वेळात तिने ती बाई पूर्ण केली. अंग, हात, पाय. अंगावर जाडंभरडं लुगडं. ती दगडाशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि डोळे रंगवले.

हे एकच डोळे मागाहून बदलले नाहीत.

छबूबाईंना तिचे हात मात्र पटले नाहीत. वहिनीने ते बाजूला सोडलेले दाखवले होते. "आसं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मूल घेतल्यासारखे आपले हात छातीशी धरून दाखवले. "आसं कर." वहिनीने हात कापून पुन्हा जोडले.

सरांनी शेवटची पाहणी केली तेव्हा ते तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. चष्मा पुसला. "समितीला चालणार नाही, ताई," म्हणाले. पण 'पाठवू नका' असंही म्हणाले नाहीत.

वहिनीने पाठवली. स्वतः फोममध्ये गुंडाळली, वर चिकटपट्टी, वर सुतळी. तिने आणि रोहिदासने मिळून ती टेम्पोत उभी करून बांधली.

टेम्पो सकाळी निघाला. दिवस मावळायच्या आत पोचला. वाटेत कुठे उघडला नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"ताई, त्या बाईचं पार्सल पाठवलंय तुम्ही?"

"हो. रागावू नका, पण..."

"रागावत नाही. सुतळी तशीच आहे. चिकटपट्टी तशीच. फोम उभा आहे, माणसाच्या आकाराचा. पण आत काही नाही, ताई. आत पाणी आहे नुसतं."

वहिनीने दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग तिचा फोन उघडेना.

चेहरा दाखवला की उघडणारा फोन. उन्हात दाखव, दिव्याखाली दाखव, छे. दुकानात नेला. पोराने त्याचा स्वतःचा चेहरा टाकून बघितला, लगेच चालला. वहिनीचा टाकला, तर 'चेहरा कॅमेऱ्यासमोर आणा' असंच म्हणत राहिला. ती समोरच बसली होती.

एकदा काळेवाडीच्या बसस्टॉपवर मी तिच्याशेजारी उभी होते. बराच वेळ. तिने हात धरला तेव्हा कळलं की ही वहिनी आहे.

मी म्हटलं, लक्ष नव्हतं माझं.

लक्ष होतं. मी तिच्याकडे बघितलंही होतं.

मागच्या शुक्रवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी ओट्याला टेकून भाजी निवडत होते. सरांचा फोन आला. तिचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"विजयश्रीताई, इकडे आलायत आणि भेटलाही नाहीत?" सर हसत होते. "आत्ता धक्क्यावर बघितलं तुम्हाला. हाक मारली, तुम्ही वळलातही. समोरून बघितलं, म्हणून तर ओळखलं. मग गर्दीत गेलात कुठे?"

वहिनीचे हात परातीतच थांबले.

मी म्हटलं, "सर, वहिनी इथे आहे. रहाटणीत. माझ्यासमोर."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता.

वहिनीने एकच विचारलं. "एकटी होती का ती?"

"नाही," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता. "कडेवर मुलगी होती. चार-पाच वर्षांची. मला वाटलं... तुमचीच."

वहिनी पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीत धावली. मी तिच्या मागे.

ओवी होती. खिडकीपाशी बसून चित्र रंगवत होती. अंगावर शाळेचा ड्रेस, पायात एकच मोजा. सगळं जिथल्या तिथे.

वहिनीने तिला जवळ ओढलं आणि ती रडायला लागली.

ओवीने मान वर केली. तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आत्या," तिने हळूच विचारलं, "या कोण आहेत?"

नंतर ती हसली. 'आई' म्हणाली. मुलं अशी चेष्टा करतात, असं दादा म्हणतो. डॉक्टरही म्हणाले, वहिनीला काही झालेलं नाही, आराम करू द्या.

असेलही तसं.

पण आता ती बाहेरून आली की मी लगेच दार उघडत नाही. आधी आतून विचारते, कोण आहे? ती लातूरकडच्या हेलात म्हणते, "मी हाय गं, उघड."

आवाज तिचाच असतो.

मग मी डोळे मिटून कडी काढते.